आदिमाची वाणी आणि खेळाडूचे व्याकरण

१

लिपीचा शोध लागण्यापूर्वी माणूस बोलत होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो काय बोलत होता हे मात्र कायमचे हरवले आहे. दगडाची हत्यारे, हाडे, चुलीतील राख, गुहांच्या भिंतींवरील चित्रे एवढे मागे राहिले. वाणी राहिली नाही. प्रागैतिहासिक काळावर रचल्या जाणाऱ्या प्रत्येक कलाकृतीपुढे म्हणूनच पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. ज्यांचा एकही शब्द उपलब्ध नाही त्या माणसांच्या तोंडी कोणते शब्द घालावयाचे? कादंबरीकाराने, चित्रपट-दिग्दर्शकाने आणि अलीकडे संगणकीय खेळांच्या रचनाकारांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांना वाचकांनी, प्रेक्षकांनी आणि खेळाडूंनी दिलेला प्रतिसाद हाही वाङ्मयीन ग्रहणाच्या इतिहासाचा भाग मानावयास हवा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये युबिसॉफ्ट या कंपनीच्या माँट्रियल येथील निर्मितिगृहाचा 'फार क्राय प्रायमल' हा खेळ प्रसिद्ध झाला. विस्तीर्ण भूप्रदेशात खेळाडूला वाटेल तिकडे हिंडू देणाऱ्या, 'ओपन वर्ल्ड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातील हा खेळ. याच मालिकेतील आधीचे खेळ बंदुका, वाहने आणि स्फोटके यांवर उभे होते. या खेळाने काळ निवडला इ.स.पू. १०,००० आणि स्थळ कल्पिले मध्य युरोपातील ओरोस नावाचे खोरे. त्याविषयी खेळाडूंनी व्यक्त केलेली मते वरवर पाहता ग्राहकांच्या पसंती-नापसंतीची नोंद वाटतील. त्यांचा आशय मात्र हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात मांडलेल्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'च्या संकल्पनेने अधिक नीट उलगडतो. एखादी संहिता कोणत्या अपेक्षा जाग्या करते, त्यांतील कोणत्या पुरवते, कोणत्या मोडते आणि कोणता भंग वाचक आनंदाने स्वीकारतो, हे तपासण्यास या मतांइतके मोकळे साधन क्वचितच मिळते.

२

या खेळातील एकही पात्र इंग्रजी बोलत नाही. केंटकी विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ अँड्र्यू बर्ड आणि ब्रेना बर्ड यांनी आद्य इंडो-युरोपीय भाषेच्या पुनर्रचनेचा आधार घेऊन खेळातील तीन टोळ्यांसाठी तीन भाषा घडविल्या, नटांना त्या शिकविल्या, आणि संपूर्ण कथानक त्या भाषांतून, पडद्यावरील अनुवादाच्या साहाय्याने, पुढे सरकते. या प्रयोगाला दीर्घ पूर्वेतिहास आहे.

विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची शक्यता बोलून दाखविली. त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी, १८६८ मध्ये, आउगुस्ट श्लायखर यांनी त्या कल्पित मूळभाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी बोधकथा रचून दाखविली. कुणीही कधी न ऐकलेल्या भाषेतील ती पहिली साहित्यकृती म्हणावी लागेल. तिच्यातील मेंढी आणि घोडा यांची नावे संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला 'अवि' आणि 'अश्व' म्हणून तत्काळ ओळखू येतात, कारण श्लायखरांची मूळभाषा संस्कृतच्या बरीच जवळ राहिली होती. पुढे चित्र पालटले. सोस्यूर यांनी १८७९ मध्ये केवळ तर्काने काही लुप्त ध्वनींचे अस्तित्व सूचित केले. १९१५ मध्ये ह्रोझ्नी यांनी हित्ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखविले. आणि १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी त्या सूचित ध्वनींचे अवशेष हित्तीत दाखवून दिले. परिणामतः श्लायखरांची कथा पुनःपुन्हा नव्याने लिहावी लागली: १९३९ मध्ये हिर्ट यांनी, १९७९ मध्ये लेमान व झ्गुस्ता यांनी, आणि त्यानंतर इतरांनी. २०१३ मध्ये याच कथेची एक आवृत्ती अँड्र्यू बर्ड यांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. तीन वर्षांनंतरचा खेळ म्हणजे त्याच परंपरेचा प्रचंड विस्तार होय.

येथे एक अडचण आहे. आद्य इंडो-युरोपीय भाषेचा काळ सामान्यतः इ.स.पू. ४५०० ते २५०० असा धरला जातो. खेळाचा काळ त्याच्याही साडेपाच हजार वर्षे मागे आहे. तुलनात्मक पद्धतीचा उजेड आठ-दहा हजार वर्षांपलीकडे पोहोचत नाही, असे बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे रचनाकारांना पुनर्रचनेच्या आणखी मागे, निव्वळ कल्पनेच्या प्रदेशात जावे लागले. तीन भाषांपैकी इझिला टोळीची भाषा पुनर्रचित मूळभाषेला अधिक जवळची, तर नायकाच्या वेन्जा टोळीची अधिक मोकळेपणाने घडविलेली. शास्त्राने दिलेले सांगाडे आणि कल्पनेने दिलेले मांस यांचा हा संयोग आहे. तो कादंबरीच्या व्यवहाराहून तत्त्वतः वेगळा नाही.

३

कादंबरीने हा प्रश्न आधीच हाताळला होता. एच. जी. वेल्स यांनी १८९७ मध्ये अश्मयुगाची कथा लिहिली आणि १९२१ च्या एका कथेत निअँडरथल मानवाला भीषण, नरभक्षक प्राण्याचे रूप दिले. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रोनी यांची अग्नीच्या शोधाची कादंबरी १९११ मध्ये ग्रंथरूपाने आली. हे दोघेही आदिमानवाविषयी लिहितात ते आपल्या काळच्या सुसंस्कृत गद्यात. आदिम जग तेथे वर्णनाचा विषय आहे, वर्णन करणारी दृष्टी मात्र आधुनिक आहे.

विल्यम गोल्डिंग यांच्या १९५५ च्या 'द इन्हेरिटर्स' या कादंबरीने हा संबंध उलटा केला. वेल्सच्या इतिहासग्रंथातील निअँडरथलविषयक उतारा तिने आरंभी उद्धृत केला तो त्याला छेद देण्यासाठीच. कादंबरीचा बहुतांश भाग लॉक या निअँडरथलच्या जाणिवेतून येतो. समोरच्या माणसाने धनुष्य ताणले हे लॉकला कळत नाही. त्याला एक काठी आखूड होताना आणि पुन्हा लांब होताना दिसते. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात या गद्याचे व्याकरणिक विश्लेषण केले. लॉकच्या वाक्यांत क्रियापदे प्रामुख्याने अकर्मक आहेत. माणूस एखाद्या वस्तूवर क्रिया करतो अशी रचना दुर्मिळ आहे. पुष्कळदा कर्तेपद शरीराच्या अवयवांकडे किंवा निर्जीव वस्तूंकडे जाते. अखेरीस कथनकेंद्र नव्या मानवाकडे सरकते, तेव्हा सकर्मक रचना परतते आणि तिच्याबरोबर कारण, हेतू, सत्ता यांचे जग अवतरते. हॅलिडे यांचा निष्कर्ष शैलीविज्ञानाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे: आदिम जाणिवेचे वेगळेपण शब्दसंग्रहात नसून वाक्यरचनेत आहे.

जीन ऑल यांच्या १९८० च्या कादंबरीने निअँडरथलांना मुख्यतः हातवाऱ्यांची भाषा दिली. रोनी यांच्या कादंबरीवर झाँ-झाक आनो यांनी १९८१ मध्ये चित्रपट काढला, त्यासाठी अँथनी बर्जेस यांनी बोली आणि डेझमंड मॉरिस यांनी हावभाव रचले. त्या चित्रपटातील संवादांना पडद्यावर अनुवाद नव्हता. प्रेक्षकाने नट पाहून अर्थ लावावा अशी अपेक्षा होती. 'प्रायमल'ने मात्र अनुवाद दिला. कानाला अनोळखी वाणी आणि डोळ्याला ओळखीचे वाक्य अशी दुहेरी व्यवस्था त्याने स्वीकारली. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

४

खेळाचे कथानक थोडक्यात असे. ताक्कार हा वेन्जा शिकारी आपल्या विखुरलेल्या टोळीला ओरोसमध्ये पुन्हा एकत्र करतो. उत्तरेच्या थंड डोंगरांत उल याच्या नेतृत्वाखाली नरभक्षक उदाम राहतात. त्यांची शरीरठेवण निअँडरथलांची आठवण करून देणारी आहे. दक्षिणेला बातारी या स्त्रीच्या सत्तेखाली सूर्य आणि अग्नी पूजणारे, शेतीची ओळख असलेले इझिला आहेत. दोन्ही टोळ्यांचा पराभव होतो आणि खोरे वेन्जांचे होते. मरणाऱ्या उलची मुले ताक्कारच्या हवाली होतात. गोल्डिंगच्या कादंबरीतही नवे लोक निअँडरथल अर्भक आपल्याबरोबर नेतात. २०१० मध्ये निअँडरथल जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्या वंशाचा अल्प अंश उरला असल्याचे दिसून आले. त्यानंतरच्या या खेळात तो शेवट दयेचा राहत नाही. त्याला वंशकथेचे रूप येते.

इतिहासाच्या कसोटीवर हा प्रपंच टिकत नाही. निअँडरथल सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. मध्य युरोपात शेती पोहोचली ती इ.स.पू. ५५०० च्या सुमारास. सुळेदार वाघ म्हणून जो प्राणी लोकप्रिय कल्पनेत रूढ आहे त्याचे वसतिस्थान अमेरिका खंडात होते. हे सारे कालविपर्यास खेळाडूंना अज्ञात होते असे नव्हे. जाणकारांनी ते वेळोवेळी दाखवूनही दिले. परंतु त्यावरून मोठा असंतोष उसळला नाही. असंतोष उसळला तो वेगळ्याच कारणाने, आणि येथूनच ग्रहणाच्या इतिहासाचा मनोवेधक भाग सुरू होतो.

५

खेळाडूंच्या मतांत चार सूत्रे सातत्याने आढळतात. पहिले भाषेविषयीचे. वेन्जा भाषेची प्रशंसा जवळपास एकमुखी आहे. तिच्यामुळे त्या जगात आपण खरोखर शिरलो असे वाटते, हा अभिप्राय पुनःपुन्हा येतो. या प्रशंसेचे स्वरूप मात्र तपासावयास हवे. वेन्जा खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन बहुसंख्य खेळाडूंपाशी नाही. त्यांना जे जाणवते ते सत्य नव्हे, सत्याची हमी. ध्वनीमागे काही नियम आहेत, ही बडबड नव्हे, एवढी खात्री कानाला पटते आणि तेवढ्यावर अविश्वास स्थगित होतो. वास्तववादी कादंबरीत कथानकाला अनावश्यक वाटणारा एखादा तपशील जसा केवळ 'हे वास्तव आहे' एवढेच सांगतो, असे रोलाँ बार्थ यांनी १९६८ मध्ये दाखविले, तसेच कार्य येथे अनाकलनीय भाषा करते.

दुसरे सूत्र पशूंचे. लांडगा, अस्वल, सुळेदार वाघ यांना माणसाळवून सोबत नेण्याची योजना खेळाडूंना अत्यंत प्रिय झाली. बंदूक नसल्याने झालेली उणीव या सोबतीने भरून काढली असे अनेकांचे मत पडले. तिसरे सूत्र कंटाळ्याचे. शत्रूची ठाणी जिंकणे, ठरावीक जागी आगट्या पेटविणे, कातडी आणि काटक्या गोळा करणे, हे चक्र मालिकेतील आधीच्या खेळांचेच असून त्यावर केवळ कातड्याचे पांघरूण घातले आहे, अशी ही तक्रार. बाण क्षणात तयार होतात, घुबड आकाशातून टेहळणी यंत्रासारखे शत्रू दाखविते, हे तिचेच पोटभाग.

चौथे सूत्र भूमीचे. खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च २०१६ मध्ये, काही चिकित्सक खेळाडूंनी ओरोसचा नकाशा २०१४ च्या 'फार क्राय ४' मधील किराट या कल्पित हिमालयीन देशाच्या नकाशावर ठेवून पाहिला. नद्यांची वळणे, दऱ्या, वाटा जुळल्या. जुनी भूमी खरवडून तिच्यावर नवे खोरे लिहिले होते. मध्ययुगीन लेखनिक जसे जुने चर्मपत्र खरडून त्यावर नवा मजकूर लिहीत आणि पुढे अभ्यासक खालची पुसट अक्षरे वाचत, तसेच हे वाचन होते. ज्या खेळाडूंनी निअँडरथलांचा ३०,००० वर्षांचा कालविपर्यास मुकाट्याने स्वीकारला, त्यांपैकी पुष्कळांना हे पुनर्लेखन फसवणुकीसारखे वाटले. काहींनी मात्र खेळताना आपल्याला ते जाणवलेही नव्हते, मग बिघडले कुठे, असा प्रतिवाद केला.

या रागाचे कारण केवळ पैशांत शोधणे अपुरे ठरेल. मुक्त हिंडण्याच्या खेळाचा मूळ करार असा की भूमी अज्ञात आहे आणि ती खेळाडू प्रथमच तुडवीत आहे. आदिम काळाच्या निवडीने हा करार आणखी गडद झाला होता: हे जग केवळ खेळाडूला नव्हे, माणसालाच नवे आहे. त्या जगाच्या तळाशी जुन्या खेळाचे रस्ते सापडणे म्हणजे आरंभापूर्वीच कुणी येऊन गेल्याची खूण सापडणे होय. याच मालिकेतील २०१९ च्या 'न्यू डॉन'ने आदल्या खेळाचीच भूमी वापरली, पण अणुयुद्धानंतरची तीच भूमी म्हणून, उघडपणे. तेथे पुनर्वापर कथेचा अर्थ झाला, आणि म्हणून त्यावरून तसा गदारोळ उडाला नाही. भूमी जुनी असण्याला खेळाडूंचा आक्षेप नव्हता. जुनेपण संहितेने कबूल न करण्याला होता.

६

तिसऱ्या सूत्राकडे, कंटाळ्याकडे, हॅलिडे यांच्या अंगाने पाहिल्यास त्याचा अर्थ खोलावतो. कोणत्याही खेळाचे खरे व्याकरण त्याच्या संवादांत नसते. खेळाडूला काय करता येते यात असते. 'प्रायमल'ची क्रियापदे पाहावीत: मारणे, गोळा करणे, बनविणे, माणसाळविणे, जिंकणे. सारीच सकर्मक, आणि कर्ता सदैव एकच. शिकाऱ्याची विशेष दृष्टी वापरताच भोवतालचे रान धूसर होते आणि उपयोगी वनस्पती, पशू, रक्ताचा माग तेवढे उजळून निघते. लॉकला काठी आखूड-लांब होताना दिसते, कारण वस्तू अद्याप साधन झालेली नाही. ताक्कारला झाडच दिसत नाही, कारण ते आधीच लाकूड झाले आहे. वाणी इ.स.पू. १०,००० ची, व्याकरण मात्र २०१६ चे, असा हा अंतर्विरोध आहे. 'हे तेच जुने चक्र' असे म्हणणारा खेळाडू पारिभाषिक शब्दांवाचून हाच अंतर्विरोध नोंदवीत असतो.

एप्रिल २०१६ मध्ये निर्मात्यांनी 'सर्व्हायव्हर मोड' ही अधिक खडतर पद्धत विनामूल्य जोडली. तीत कोपऱ्यातील छोटा नकाशा गेला, शरीराची ताकद मर्यादित झाली, आणि इच्छा असल्यास मृत्यू अंतिम करण्याची सोय आली. अनेक खेळाडूंना हाच खेळाचा खरा अवतार वाटला. छापील ग्रंथाच्या इतिहासात वाचकांच्या प्रतिसादाने संहितेचे रूप पालटल्याची उदाहरणे आहेत, परंतु ती विरळ. येथे ग्रहण आणि निर्मिती यांत सात-आठ आठवड्यांचे अंतर राहिले. तथापि या पद्धतीनेही क्रियापदे तीच ठेवली. फक्त ती पार पाडणे कठीण केले.

वाक्यरचनाच बदलण्याचा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. पात्रीस देझिले यांच्या पनाश या संस्थेचा 'अँसेस्टर्स' हा खेळ एक कोटी वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत सुरू होतो. तेथे संवाद नाही, वाट दाखविणारा नकाशा नाही. फांदी हाती घेतली तरी तिचे काय करावयाचे हे चाचपडतच कळते. पिढ्यान्पिढ्या सरकत जाणाऱ्या वंशात एक स्थिर नायकही नाही. लॉकच्या जाणिवेला खेळाच्या भाषेत आणण्याचा हा बहुधा सर्वांत गंभीर प्रयत्न. त्यावरील मते तीव्रपणे दुभंगली. काहींना तो अपूर्व वाटला. अनेकांना दुर्बोध, संथ, थकविणारा वाटला. गोल्डिंगच्या गद्याविषयी विद्यार्थी जे म्हणतात त्याच्याशी हे शब्द जुळतात हा योगायोग नव्हे. आदिमाचे परकेपण कानाने ऐकणे सुखाचे असते. हातांनी, कृतीने ते परकेपण पत्करणे जड जाते.

७

मराठी अभ्यासकाला या साऱ्यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. शब्दांच्या अवशेषांवरून प्राचीन समाज उभा करण्याची पद्धत वि. का. राजवाडे यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासात किती धाडसाने वापरली हे सर्वज्ञात आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ कल्पिले आणि त्याच्या विनाशाचा काळ इ.स.पू. १०,००० ते ८,००० असा धरला. खेळाने निवडलेला काळ नेमका त्याच उंबरठ्यावरचा आहे. त्याच्या ३० वर्षे आधी, १८७३ मध्ये, 'गुलामगिरी'त जोतीराव फुले यांनी आर्यांच्या आगमनाची कथा जितांच्या बाजूने सांगितली होती. राहुल सांकृत्यायन यांच्या 'वोल्गा से गंगा'तील पहिली कथा इ.स.पू. ६००० च्या व्होल्गाकाठी घडते. या चार ग्रंथांचे हेतू परस्परांहून भिन्न आहेत, परंतु आरंभाची कथा कधीच निरागस नसते. 'प्रथम येथे कोण होते' या प्रश्नाच्या उत्तरात 'आज येथे हक्क कोणाचा' हे दडलेले असते, ही जाण त्या वादपरंपरेने मराठी वाचकाला दिली.

ती जाण 'प्रायमल'च्या ग्रहणात अभावानेच आढळते. मध्य युरोपातील इ.स.पू. १०,००० च्या शिकाऱ्यांना इंडो-युरोपीय वळणाची वाणी देणे म्हणजे आजच्या युरोपीय भाषांना त्या भूमीत बारा हजार वर्षांची वडिलार्जित मालकी बहाल करणे होय. प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने २०१५ पासून जे चित्र पुढे आणले ते याच्या उलट आहे: शिकाऱ्यांनंतर अनातोलियाच्या बाजूने शेतकरी आले आणि इ.स.पू. ३००० नंतर गवताळ स्टेपप्रदेशातून आणखी एक लोंढा आला, त्याच्याबरोबर बहुधा इंडो-युरोपीय भाषा आल्या. ओरोसच्या खोऱ्यातील मूळ शिकारी जे काही बोलत असतील ते कुणाच्याही आजच्या मातृभाषेचे बीज नसण्याचीच शक्यता अधिक. खेळात मात्र जिंकणारे वेन्जा 'आपले पूर्वज' ठरतात आणि शेती जाणणाऱ्या आगंतुकांचा पाडाव होतो. भाषाशास्त्रज्ञांच्या प्रामाणिक आणि कष्टाच्या कामाला कथानकाने अशा रीतीने वंशावळीच्या कामी लावले.

याचा दोष खेळाडूंच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही. ज्यांनी दोन नकाशे एकमेकांवर ठेवून भूमीचा खालचा थर वाचला त्यांच्यापाशी चिकित्सेची शक्ती निश्चितच होती. ती भाषेच्या थराकडे वळली नाही, कारण भाषेने संशयाला जागाच ठेवली नव्हती. अनुवाद पडद्यावर हजर होता, आणि अनुवाद हजर असला की मूळ संहितेविषयी प्रश्न विचारण्याची गरज भासत नाही. समीक्षेचे काम येथे सुरू होते. नव्या माध्यमांतील कृतींना साहित्यबाह्य ठरवून दूर ठेवण्यात शहाणपण नाही. कादंबरीच्या वाचनासाठी घडविलेली हत्यारे त्या वाचनालाही उपयोगी पडतात, आणि तेथे वापरली गेल्यावर त्यांची धारही तपासून मिळते. हॅलिडे यांचे विश्लेषण एका छापील कादंबरीसाठी होते. खेळाच्या क्रियापदांना ते लागू पडते, पण खेळात वाक्य पुरे करणारा खेळाडू असतो, ही भर त्यात घालावी लागते. लॉकचे वाक्य गोल्डिंगने लिहिले. ताक्कारचे वाक्य, प्रत्येक वेळी, खेळणाऱ्याच्या बोटांनी लिहिले जाते. त्यातील कर्तेपदाची जबाबदारी म्हणूनच त्याच्याकडेही येते.